चंदेरी अकिलिया: आल्प्सच्या चुनखडीतलं झाड घरच्या दगडी वाफ्यात कसं जगवायचं

पहिली तीन रोपं माझ्याच हातून मेली. म्युनिकच्या एका नर्सरीतून आणली होती, छोट्या नऊ सेंटीमीटरच्या कुंड्यांमधली, आणि अगदी मनापासून लावली होती. शहराच्या कडेला भाड्यानं मिळणारा बागेचा तुकडा आहे आमच्याकडे, इथे त्याला श्रेबरगार्टन म्हणतात, तिथे चांगला खड्डा केला, चाळलेलं कंपोस्ट घातलं, वरून शेणखताच्या वाळवलेल्या गोळ्या टाकल्या. मेमध्ये लावली, जूनमध्ये तरारली, पानं चंदेरीची हळूहळू हिरवी व्हायला लागली तर मला वाटलं झाड खूश आहे. फेब्रुवारीत बर्फ वितळल्यावर जाऊन बघते तर तिन्ही रोपांच्या मधोमध करडा-काळा चिखल, हात लावला की पानं हातात येत होती.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आमचं गाव सासवडजवळ, घरची अंजिराची बाग, त्यांचं सगळं आयुष्य मुरमाड रानात गेलंय. मी त्यांना झाड डोंगरावर कसं उगवतं त्याचा फोटो पाठवला, पांढऱ्या दगडांच्या फटीत बसलेलं. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, हे मुरमातलं झाड आहे. तू त्याला काळ्या रानात ऊस लावल्यासारखं लावलंस." त्यानंतर मी जे काही शिकले ते याच एका वाक्याचा विस्तार आहे, आणि आता सहा वर्षं झाली, वाफ्यात अकरा झाडं आहेत. युरोपात किंवा तशाच थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या आणि दगडी बाग करू बघणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी झाड ओळखून घ्या

शास्त्रीय नाव अकिलिया क्लाव्हेने. इंग्रजीत सिल्व्हरी यॅरो, जर्मनमध्ये श्टाइनराउटे किंवा बिटरे शाफगार्बे, म्हणजे कडू यॅरो. पूर्व आल्प्सच्या चुनखडीच्या आणि डोलोमाइटच्या डोंगरात उगवतं, इटलीचा ईशान्य कोपरा, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, तिथून खाली बाल्कनच्या डोंगरांपर्यंत. जर्मनीत फार थोड्या जागी, बेर्ख्टेसगाडेनच्या बाजूला. मी पहिल्यांदा पाहिलं ते स्लोव्हेनियात, १६११ मीटरवरच्या व्हर्शिच खिंडीच्या वर चालत जाताना. पांढरी खडी, वर रखरखीत ऊन, आणि मध्येच चांदीचा वर्ख लावल्यासारखी पानांची गादी. पान बोटांनी हलकंच चोळलं आणि वास घेतला तर मला एकदम दवणाच आठवला, चैत्रात जोतिबाला वाहतात तो. कडवट, थंडगार, डोक्यात जाणारा वास. स्लोव्हेनियन भाषेत याला प्लानिन्स्की पेलिन म्हणतात, पेलिन म्हणजे दवण्याच्याच कुळातली ती कडू वनस्पती जिला इंग्रजीत वर्मवुड म्हणतात. तिकडे पोटाच्या तक्रारींवर याचा कडू काढा घ्यायची जुनी पद्धत आहे. आणि नावातला क्लाव्हेना म्हणजे बेल्लुनो गावचा औषधविक्रेता निकोलो क्याव्हेना, त्यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या झाडाबद्दल लिहिलं तेव्हा तोही याला वर्मवुडचाच प्रकार समजला होता. त्यामुळे दवणा आठवला यात माझं काही फार चुकलं नाही असं मला वाटतं.

उंची फुलांसकट १० ते २५ सेंटीमीटर, पसारा वीतभर ते दीड वीत. पानं पिसासारखी कातरलेली, दोन्ही बाजूंनी रेशमी पांढरी लव. फुलं जून-जुलैपासून पुढे, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये मळकट पिवळसर ठिपका, पाच-दहा फुलांचा चपटा झुबका. फुलं सुंदर आहेतच, पण हे झाड लावायचं ते पानांसाठी.

आता ही लव काय करते ते समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते. डोंगरावर ऊन तीव्र, वारा सतत, जमिनीत पाणी टिकत नाही. लव ऊन परतवते आणि पानाजवळ हवेचा एक स्थिर थर धरून ठेवते म्हणजे पाणी कमी उडतं. पण तीच लव भिजली की टॉवेलसारखी ओल धरते. डोंगरावर हिवाळ्यात वर कोरड्या बर्फाची जाड दुलई असते, खाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर आणि पाणी द्रवरूपात जवळजवळ नसतंच. म्युनिकमध्ये काय होतं, बर्फ पडतो, चार दिवसांनी फ्योनचा गरम वारा येऊन वितळवतो, मग पाऊस, मग परत रात्री उणे आठ. पानांच्या गादीत अडकलेलं पाणी तिथेच राहतं आणि बुंधा कुजतो. झाड थंडीनं मरत नाही, ओलीनं मरतं. हे पक्कं डोक्यात ठेवा.

रोप विकत घेताना

डोंगरातून उपटून अजिबात आणू नका. बऱ्याच भागात ते बेकायदेशीर आहे आणि तसंही जंगली रोपाची मुळं दगडात हातभर खोल गेलेली असतात, तुटलेल्या मुळांचं रोप खाली येऊन जगत नाही. अल्पाइन झाडांच्या खास नर्सरी असतात तिथूनच घ्या.

लेबल नीट वाचा कारण चंदेरी अकिलिया म्हणून चार-पाच वेगवेगळी झाडं विकली जातात. अकिलिया अजेराटिफोलिया बाल्कन-ग्रीसकडचं, पानं अरुंद आणि कडेला दातेरी, फुलं जरा मोठी आणि सुटी, आणि माझ्या अनुभवात हे ओल जास्त सोसतं. अकिलिया उंबेलाटा ग्रीसचं, पानं फार पांढरी, देखणं आहे. किंग एडवर्ड नावाचा संकर फिकट लिंबू रंगाच्या फुलांचा, तो सगळ्यात सोपा. पहिल्यांदाच करणार असाल तर माझं स्पष्ट मत, एक क्लाव्हेने आणि दोन अजेराटिफोलिया घ्या, म्हणजे काही चुकलं तरी वाफा रिकामा दिसणार नाही.

एप्रिल-मेमध्ये घ्या. शरद ऋतूत सेल लागतो, रोपं निम्म्या किमतीत मिळतात, पण मुळं धरायच्या आत हिवाळा येतो आणि पैसे वाया जातात. रोप घेताना मधला भाग बोटानं बाजूला करून बघा, बुंधा कोरडा आणि घट्ट पाहिजे. कुंडीखालून दाट मुळं बाहेर आलेली असतील तर नको. खूप तजेलदार, लांब पानांचं रोप मोहात पाडतं पण ते काचघरात खत देऊन वाढवलेलं असतं, त्यापेक्षा बुटकं, घट्ट, पांढरट घ्या.

जागा

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन, दक्षिण किंवा नैऋत्येची बाजू. झाडाखाली नको, सावलीपेक्षा ऑक्टोबरमधली गळलेली पानं जास्त त्रास देतात, ती गादीवर ओली चिकटून बसतात. घराच्या पागोळ्या पडतात ती रेघ टाळा, पण त्या रेघेच्या आत, भिंतीलगत जिथे पाऊस कमी येतो ती जागा मात्र फार चांगली.

जागा ठरली की निचरा तपासा. एक फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात गेलं तर उत्तम. दोन-तीन तासांनंतरही पाणी दिसत असेल तर खाली खणत बसू नका, वाफा वर उचला. म्युनिककरांचं नशीब म्हणजे हे शहरच नद्यांनी आल्प्समधून वाहून आणलेल्या चुनखडीच्या गोट्यांवर बसलंय, वरची वीतभर माती काढली की खाली खडीच लागते. चिकणमातीवर राहणाऱ्यांनी मात्र उंच वाफ्याशिवाय विचारच करू नये.

वाफा: इथे वेळ घालवा

सगळ्या कामातलं ऐंशी टक्के काम हेच आहे आणि घाई केलेली मला दोनदा महागात पडली.

माझा पहिला वाफा दीड मीटर बाय एक मीटर. आधी गवत मुळासकट काढा, इथे क्वेके नावाचं एक गवत आहे, आपल्या हरळीचा सख्खा भाऊ म्हणा, त्याचा बोटभर तुकडा जरी राहिला तरी पुढच्या वर्षी तो दगडांखालून वर येतो आणि मग दगड हलवल्याशिवाय निघत नाही. हरळी काढताना जसं आपण कुदळीनं उकरून हातानं एकेक दोरी ओढतो तसंच करायचं, दोन आठवड्यांनी परत बघायचं, परत काढायचं.

मग मिश्रण. मी वापरते ते असं: तीन घमेली चुनखडीची कच, २ ते ८ मिलीमीटरची, एक घमेलं जाड धुतलेली वाळू, एक घमेलं साधी बागेची माती आणि त्यात मूठ-दोन मुठी कुजलेला पालापाचोळा. बस. जर्मनीत बांधकाम साहित्याच्या यार्डात काल्कश्प्लिट म्हणून विचारा, पोत्यात भरून मिळते. नदीच्या पात्रातून उचलून आणू नका. वाळू गिलाव्याची बारीक घेऊ नका, ती मातीत मिसळून सिमेंटसारखी बसते. शेणखत नको, कंपोस्ट नको, पीट (नर्सरीवाले कुंडीत भरतात ती दलदलीतली कुजलेल्या शेवाळाची काळी माती) तर नकोच. मला हे मनाला पटायला वेळ लागला कारण आपल्याकडे झाडावर माया करायची म्हणजे खत घालायचं असंच डोक्यात असतं. पण जास्त नत्र मिळालं की हे झाड लांब, मऊ, हिरवी पानं काढतं, लव विरळ होते, आणि अशा पानांना पहिली ओल सोसत नाही. माझी पहिली तीन रोपं हिरवी झाली ती खूश होऊन नव्हे, ती चेतावणी होती.

बरेच जण सांगतात की तळाला विटांचे तुकडे, जाड गोटे टाका म्हणजे निचरा होतो. अर्धवट खरं आहे. बारीक मातीच्या थराखाली एकदम जाड गोट्यांचा थर आला तर पाणी त्या सीमेवर अडतं, वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते खाली उतरतच नाही. घरी करून बघा, भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, टपकून थांबला की तोच उभा धरा, खालून परत पाणी यायला लागेल. म्हणजे उंची वाढली की निचरा वाढतो. म्हणून वाफा ३५-४० सेंटीमीटर उंच करा आणि खालपासून वरपर्यंत तेच खडीचं मिश्रण ठेवा, तळाला फार तर खडी थोडी जास्त घ्या आणि वर जाता जाता हळूहळू कमी करा.

आता दगड. चुनखडीचेच घ्या, एकाच जातीचे. ३० बाय २० बाय २० सेंटीमीटरचा दगड साधारण तीस किलोचा असतो, तेव्हा एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नका, पहारीनं सरकवा. प्रत्येक दगड एक तृतीयांश तरी मातीत गाडायचा आणि किंचित मागे, उताराच्या आत झुकवायचा म्हणजे पावसाचं पाणी दगडामागे मुळांकडे जातं. थरांच्या रेषा सगळ्या दगडांवर एकाच दिशेनं ठेवा, डोंगरात तशाच असतात. दोन दगडांमध्ये तीन-चार बोटं उभी फट ठेवली की ती या झाडाची सगळ्यात आवडती जागा. दगडाखाली दिवसभर गारवा आणि ओलसरपणा राहतो, मुळं तिथे जातात, आणि डोकं मात्र कोरडं राहतं.

वाफा झाला की दोन-तीन आठवडे तसाच सोडा. एखादा चांगला पाऊस पडू दे, खडी बसू दे. मग खाली गेलेल्या जागा भरा.

लावणी

कुंडी अर्धा तास पाण्यात ठेवा. रोप काढलं की मुळांभोवतीचा काळा पीटचा गोळा दिसेल. तो तसाच लावला तर भोवती खडी कोरडी आणि मध्ये ओला स्पंज असं होतं, आणि नंतर एकदा वाळला की परत पाणी शोषतच नाही. म्हणून बादलीत पाणी घेऊन गोळा हळूहळू धुऊन काढा, निदान दोन तृतीयांश तरी, मुळं तुटू न देता. भीती वाटते पण करा.

मुळं खाली लांब सोडा, गुंडाळू नका. बुंध्याचं तोंड मातीच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहिलं पाहिजे. मग भोवती आणि विशेषतः पानांच्या खाली २-३ सेंटीमीटर नुसती कच भरा, प्रत्येक पान उचलून खाली सरकवायची, चमच्यानं जमतं. या खडीच्या गळपट्ट्यामुळे पानं कधी ओल्या मातीला टेकत नाहीत, चिखल उडत नाही, तणही कमी येतं. दोन रोपांत २०-२५ सेंटीमीटर अंतर. लावल्यावर बुंध्यापासून लांब धरून भरपूर पाणी द्या, आणि कडक ऊन असेल तर चार दिवस एखादी फांदी टोचून सावली करा.

पहिलं वर्ष आणि पुढे

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, पण खोलवर. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून मी पाणी जवळपास देतच नाही, दोन-तीन आठवडे सलग कोरडे गेले तरच. सकाळी द्या आणि पानांवर मारू नका. म्युनिकचं नळाचं पाणी चुन्याचं आहे, केटल पांढरी होते म्हणून सगळे वैतागतात, या झाडाला मात्र तेच चालतं.

खत शून्य. दर वसंतात मी जुनी वरची कच हलवून मूठभर नवी टाकते, एवढंच.

फुलं वाळली की देठ बुडापासून कापा. शरद ऋतूत जोरात छाटणी करू नका, जखमा ओल्या राहतात. मार्चच्या शेवटी, वाफसा आला की गादीतली मेलेली करडी पानं चिमटीनं काढून टाका, तेव्हाच बऱ्याचदा मध्ये नवे चंदेरी कोंब दिसतात.

हिवाळा

नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाडांवर छप्पर घाला. माझ्याकडे ५० बाय ५० सेंटीमीटरचे पॉलिकार्बोनेटचे पत्रे आहेत, चार कोपऱ्यांना विटा, एका बाजूला एक वीट जास्त म्हणजे उतार येतो, आणि वर एक दगड वजनाला. चारही बाजू उघड्या हव्यात. कुणी प्रेमानं प्लास्टिकनं गुंडाळतं किंवा पेंढा घालतं, ते करू नका, आत वाफ धरते आणि महिन्याभरात भुरकट बुरशी. थंडीची काळजी नको, उणे पंधरा माझ्या झाडांनी उघड्यावर सोसलंय. बर्फ पडला तर पडू दे, झाडायची गरज नाही, पत्र्याखाली वाऱ्यानं आत आला तरी चालतो.

जानेवारीत एकदा चक्कर मारा. गोठून-वितळून माती फुगते आणि नवी रोपं वर उचलली जातात, मुळं उघडी दिसली तर बोटांनी दाबून परत खडी भरा. उडून आलेली पानं वेचा. मार्चच्या मध्यावर छप्पर काढा, ढगाळ दिवशी, कारण एकदम कडक ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात.

रोपं वाढवणं

दोन-तीन वर्षांत झाड मधोमध उघडं पडतं, हा रोग नाही, त्याचा स्वभाव आहे. एप्रिलमध्ये खणून काढा, कडेचे मुळं असलेले फुटवे वेगळे करा आणि नवीन लावा, मधला लाकडी भाग टाकून द्या.

त्याहून मला छाट कलमं आवडतात. जूनच्या शेवटी फुलं न आलेले कोवळे पण घट्ट कोंब घ्या, ४-५ सेंटीमीटर, खालची पानं काढा, निम्मी जाड वाळू निम्मी प्युमिसची (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र दगडाची) खडी अशा कुंडीत टोचा. सावलीत ठेवा, माध्यम जेमतेम ओलं. नेहमीच्या कलमांवर आपण पिशवी घालतो तशी घालू नका, लवेत दव साचून आठवड्यात कुजतात. महिन्याभरात मुळं येतात. माझी दहातली सहा-सात जगतात.

बियांपासूनही येतं, वर पेरायचं, झाकायचं नाही कारण उगवायला उजेड लागतो. पण शेजारी दुसऱ्या जातीचं अकिलिया असेल तर संकर होतो आणि रोपं आईसारखी निघतीलच असं नाही.

काय बिघडतं

मधोमध करडेपणा आणि सहज हातात येणारी पानं म्हणजे कूज. लगेच तेवढा भाग कोरड्या जागेपर्यंत कापा, खडी बदला, आणि निरोगी कोंबांची कलमं करून ठेवा, मूळ झाड वाचेल याची खात्री नाही पण जात तर वाचते. पानं हिरवी आणि देठ लोळणारे म्हणजे माती सुपीक झाली किंवा ऊन कमी. वसंतात कोवळ्या देठांवर मावा येतो, पाण्याच्या फवाऱ्यानं धुवू नका, ओल परत तीच, ब्रशनं झाडून टाका. गोगलगायी या कडू पानांना सहसा हात लावत नाहीत.

शेजारी कोण लावता ते बघा. सेम्परव्हिव्हम, चुनखडीवरची सॅक्सिफ्रागा, एडलवाइस, बुटका थाइम चालतात. सेरास्टियम टोमेंटोसम मात्र लावू नका, तेही चंदेरी आणि स्वस्त मिळतं म्हणून लोक जोडीला लावतात आणि दोन वर्षांत ते अख्खा वाफा गिळतं, माझ्या शेजारच्या काकूंच्या बागेत मी स्वतः दोन क्लाव्हेने त्याच्याखालून शोधून काढल्यात. झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या झाडांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी हातमोजे घालावेत.

पुण्यात लावता येईल का

मला बहिणीपासून सगळे हे विचारतात. खरं सांगायचं तर नाही. गंमत म्हणजे म्युनिकमध्ये वर्षाला साडेनऊशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यापेक्षा जास्तच, पण तो बारा महिन्यांत वाटलेला आणि गार हवेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उबदार दमट हवा आणि सतत भिजलेली पानं, त्यात लव असलेलं हे झाड महिनाभरही टिकणार नाही, आणि त्याला लागणारी हिवाळ्यातली झोपही मिळणार नाही. महाबळेश्वरला तर पावसाचं विचारूच नका. चंदेरी पान आणि तो वासच हवा असेल तर कुंडीत दवणा लावा, तो आपल्या मातीतला आहे. दसऱ्यानंतर पेरा, निचऱ्याची माती, भरपूर ऊन.

अण्णा मागच्या वर्षी जुलैत इथे आले होते. वाफ्यापाशी गुडघे टेकून बसले, एक पान चुरगळून नाकाला लावलं आणि मग बोटानं खडी उकरून किती खोलवर कोरडी आहे ते बघत बसले.